ऑफस्टेडचं इन्स्पेक्शन घरी येतं तेव्हा: मिल्टन कीन्समधल्या एका चाइल्डमाइंडरचा अनुभव

गेल्या वर्षी, म्हणजे जून २०२५मध्ये, माझं पहिलं ऑफस्टेड इन्स्पेक्शन झालं. मी चाइल्डमाइंडर आहे, म्हणजे दुसऱ्यांची मुलं माझ्या घरी पैसे घेऊन सांभाळते; आणि ऑफस्टेड म्हणजे इंग्लंडमधल्या शाळा आणि मुलं सांभाळणाऱ्यांची तपासणी करणारी सरकारी संस्था. तेव्हापासून ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या बऱ्याच मराठी मैत्रिणींचे फोन येतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये आलेल्या, घरात लहान मूल असलेल्या, आणि घरूनच काहीतरी सुरू करावं असं मनात असलेल्या या बायका. बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच असतो: "फाइल केवढी मोठी लागते गं?" दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून ठेवते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये नियम वेगळे आणि तपासणारेही वेगळे.

दुसऱ्याचं आठ वर्षांखालचं मूल आपल्या घरी, पैसे घेऊन, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ सांभाळायचं असेल तर इथे नोंदणी सक्तीची आहे. ती थेट ऑफस्टेडकडे करता येते किंवा एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीमार्फत. मी थेट केली. नाशिकच्या मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या कॉलनीतल्या काकूंनी तीन पिढ्यांची पोरं सांभाळली, त्यांच्याकडे कोण आलं होतं तपासायला?" तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण त्या काकूंना सगळी कॉलनी ओळखत होती. इथे शेजाऱ्याचं नाव कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

आम्ही २०२१मध्ये आलो. मी आधी नाशिकला बँकेत होते. मुलांबरोबर कामाचा अनुभव म्हणजे स्वतःची मुलगी, एवढाच. माझ्या डिपेंडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करायला परवानगी आहे हे नीट वाचून खात्री केली आणि २०२३च्या उन्हाळ्यात नोंदणीला सुरुवात केली. घर भाड्याचं, म्हणून सगळ्यात आधी घरमालकाची लेखी परवानगी घेतली. हे आधीच करा. काही घरमालक व्यवसायाला सरळ नाही म्हणतात, आणि तोवर कोर्सचे पैसे भरून झालेले असतात.

मग कागदांची रांग लागली. चाइल्डमाइंडिंगचा ऑनलाइन कोर्स. सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांना छळ-इजेपासून सुरक्षित ठेवण्याचं, प्रशिक्षण. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा पूर्ण बारा तासांचा कोर्स, तोही प्रत्यक्ष बाहुल्यांवर दाब देऊन शिकण्याचा भाग असलेला; माझा शनिवार-रविवारमध्ये झाला, ९५ पौंड लागले. हे प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. मग डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांची नोंद तपासणं. ते माझं झालं, नवऱ्याचंही झालं, कारण घरात राहणाऱ्या सोळा आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाचं लागतं. सर्टिफिकेटवरच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसला, म्हणजे ती तपासणी ताजी ठेवणाऱ्या ऑनलाइन सेवेला, नाव घालायचं असतं. तेव्हा त्याचे वर्षाला १३ पौंड होते, आता १६ आहेत. ती मुदत गेली की सगळं पहिल्यापासून, त्यामुळे सर्टिफिकेट आलं त्याच संध्याकाळी बसून नाव घातलं.

आपल्या लोकांसाठी एक जादा पायरी असते. मागच्या पाच वर्षांत यूकेबाहेर राहिला असाल तर त्या देशाचाही दाखला लागतो. म्हणजे आपल्याला भारताचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. इथूनच भारतीय उच्चायुक्तालयाकडे अर्ज करता येतो, पण पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल, लग्नानंतरचं नाव वेगळं असेल, तर वेळ धरून चाला. बाकी सगळे कागद जमले तरी माझा अर्ज या एकाच दाखल्यासाठी थांबला होता. ज्यांच्या मनात आहे त्यांनी कोर्सच्याही आधी हाच अर्ज टाकावा.

ऑफस्टेडची नोंदणीची फी ३५ पौंड, आणि तेवढीच दर वर्षी. फोटो आणि नोंदी मोबाइल-लॅपटॉपवर ठेवणार असाल तर माहिती आयुक्तांच्या कार्यालयाची फी वेगळी. ती तेव्हा ४० पौंड होती, फेब्रुवारी २०२५पासून ५२ आहे. विमा साधारण ८० पौंड. जिन्याची दोन गेट, कपाटांची कुलपं, आगीवर टाकायचं ब्लँकेट, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, उंच खुर्ची, जुनी पण चांगली खेळणी असं धरून अजून साडेतीनशेच्या आसपास गेले. २०२३च्या शेवटी सरकारने नव्या चाइल्डमाइंडरसाठी अनुदान सुरू केलं. थेट ऑफस्टेडकडे नोंदवलेल्यांना ६०० पौंड मिळत होते, एजन्सीमार्फत आलेल्यांना त्याच्या दुप्पट. आमचा खर्च त्यातून बराचसा भरून निघाला.

नोंदणीआधी एक भेट होते, ती वेगळी आणि इन्स्पेक्शन वेगळं. पहिल्या भेटीत घर बघतात आणि तुम्हाला नियम कळलेत का ते बघतात. माझ्या घरात ऑफस्टेडकडून आलेल्या बाई सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या देवघरापाशी. ते तेव्हा हॉलमध्ये मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर होतं: समई, काडेपेटी, उदबत्ती, कुंकवाचा करंडा, तेलाची बुदली. मुलं असताना दिवा लावणार नाही, आणि देवघर वर भिंतीवर जाणार, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आता दिवा संध्याकाळी शेवटचं मूल घरी गेल्यावर लागतो. देवांची तक्रार आलेली नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये प्रमाणपत्र आलं. नियम असा होता की नोंदणीपासून तीस महिन्यांच्या आत पहिलं इन्स्पेक्शन. म्हणजे कधीही. या 'कधीही'ने मधली दीड वर्षं जरा खाल्ली. अनोळखी नंबरवरून फोन आला की पोटात गोळा यायचा, आणि उचलल्यावर कोणीतरी सोलर पॅनल विकत असायचं.

त्या दीड वर्षाबद्दल थोडं सांगते, कारण इन्स्पेक्शनची खरी तयारी तिथेच होते. नियमाप्रमाणे एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यातली पाच वर्षांच्या आतली तीन, आणि त्यातलं एक वर्षाच्या आतलं साधारणपणे एकच. माझ्याकडे जूनमध्ये तीन मुलं होती. पंधरा महिन्यांचा एक इंग्रज घरातला बाळ्या, अडीच वर्षांचा तेलुगू घरातला मुलगा, साडेतीन वर्षांची पोलिश घरातली मुलगी. एप्रिल २०२४पासून नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या दोन वर्षांच्या मुलांना, आणि त्याच सप्टेंबरपासून नऊ महिन्यांपासूनच्या बाळांना सरकारी खर्चाने आठवड्याला पंधरा तास मिळायला लागले. त्यामुळे चौकशा एकदम वाढल्या. हे पैसे काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, येतात; आणि काउन्सिलचे पैसे आले की काउन्सिलची हजेरीपत्रकंही आली.

जेवणाचं मात्र आपलं स्वयंपाकघर इथल्या नियमांच्या नजरेने परत बघावं लागलं. इथे चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे आणि पालकांना त्यातलं जेवणात काय आहे ते सांगावं लागतं. दूध, गहू, शेंगदाणे, तीळ हे कोणालाही सुचतं. पण त्या यादीत मोहरीही आहे! म्हणजे फोडणी घातलेलं प्रत्येक वरण, प्रत्येक भाजी, कढी, कोशिंबीर. आणि डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेही डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं. मी फ्रिजवर आठवड्याचा तक्ता लावते: सोमवार वरण-भात (मोहरी, हिंगातून गहू), मंगळवार पास्ता, असं. फूड स्टँडर्ड्स एजन्सीचं खास चाइल्डमाइंडरसाठी केलेलं एक पुस्तक फुकट मिळतं, ते छापून घेतलं तर हे सगळं एका ठिकाणी राहतं.

फोन आला तो गुरुवारी दुपारी, मुलं झोपलेली असताना. चाइल्डमाइंडरला आधी फोन करतात, कारण आपण फिरायला बाहेर असू शकतो किंवा त्या दिवशी मुलंच नसतील. तो फोन फार तर पाच दिवस आधी येतो. इन्स्पेक्टर बाईंनी शांतपणे विचारलं: कुठल्या दिवशी कोण मुलं असतात, त्यांची वयं, कोणी मदतनीस आहे का, घरात अजून कोण राहतं, पालकांशी बोलता येईल का. मंगळवार ठरला. गाडी कुठे लावायची हेही विचारलं. मी सगळं एका कागदावर लिहीत होते आणि फोन ठेवल्यावर बघितलं तर अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत होतं.

"घरात अजून कोण राहतं" हा प्रश्न आमच्याकडे तेव्हा महत्त्वाचा होता. सासूबाई आणि सासरे एप्रिलमध्ये आले होते, उन्हाळाभर राहणार होते. हे आपल्या सगळ्यांकडे होतं, म्हणून सविस्तर सांगते. त्यांची तिकिटं काढण्याआधीच मी ऑफस्टेडला फोन करून विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं तो फॉर्म भरला होता. घरात सोळा किंवा त्यावरच्या वयाचं कोणी राहायला आलं तर चौदा दिवसांच्या आत कळवावं लागतं. ज्या माणसाची तपासणी झालेली नाही त्याने मुलांबरोबर एकट्याने असायचं नाही. मिनिटभरही. शिवाय व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला काम करता येत नाही, त्यामुळे "आई आहेत ना मदतीला" हा विचार मनातून काढून टाकावा लागतो. सासूबाईंनी स्वतःची चार नातवंडं वाढवलेली. त्यांना "तुम्ही त्याला उचलून घेऊ नका" हे सांगणं मला जड गेलं. मी पालकांचा करारच त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी पाहुणी. बरं." मग खरंच पाहुण्यासारख्या वागल्या, मुलं असताना वरच्या खोलीत किंवा बागेत. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं गेलं.

शुक्रवार ते सोमवार काय केलं? खरं तर फार नाही. इन्स्पेक्शनसाठी नवीन खेळणी आणायची नाहीत हे ठरवलं होतं, कारण मुलं नव्या खेळण्यावर भांडतात. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या मुदत संपलेल्या पट्ट्या बदलल्या. रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र दाराजवळ दिसेल असं लावलेलं आहे ना बघितलं. धुराचे अलार्म दाबून बघितले. तेलुगू मुलाच्या आईने एक पानभर पत्र लिहून दिलं, पोलिश मुलीची आई म्हणाली की ती मंगळवारी दहा मिनिटं लवकर येईल आणि बोलेल.

जास्त वेळ गेला तो बोलण्याच्या सरावात. माझं म्हणणं एवढंच आहे की या तपासणीत कागदांपेक्षा तुमचं बोलणं बघतात: प्रत्येक मूल आज कुठे आहे, त्याच्यासाठी पुढची पायरी कोणती, आणि ती का. चाइल्डमाइंडरने धोरणं लेखी ठेवलीच पाहिजेत असा नियमही नाही. विचारलं तर समजावून सांगता आली पाहिजेत. आणि तिथेच आपली गोची होते. उत्तर माहीत असतं, पण ते डोक्यात मराठीत असतं. म्हणून रोज रात्री जेवताना नवरा मला इंग्रजीतून प्रश्न विचारायचा. "अजून न रांगणाऱ्या बाळाच्या मांडीवर काळानिळा डाग दिसला तर?" "एखाद्या पालकाने माझ्यावरच आरोप केला तर?" हा दुसरा प्रश्न विचारताना तो जरा अडखळायचा. बाजूला दहा वर्षांची लेक ऐकत असायची, तिच्यासमोर कुठले प्रश्न नकोत तेही ठरवावं लागलं. पाठांतर मुद्दाम केलं नाही. पाठ केलेलं वाक्य मधेच तुटलं की पुढचं काहीच आठवत नाही. मुद्दे तेवढे पक्के ठेवले: कोणाला फोन, कोणता नंबर, काय लिहून ठेवायचं, काय विचारायचं नाही.

मंगळवारी बरोबर नऊला बाई आल्या. ओळखपत्र दाखवलं, ते नीट वाचून घ्या, संकोच करू नका, अनोळखी माणसाला तुम्ही घरात कसं घेता हेही त्या बघत असतात. पाहुण्यांच्या वहीत सही घेतली. माझा मोबाइल स्वयंपाकघरातल्या खणात असतो आणि त्यांचा बॅगेत राहील, हे बोललो. सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की पाहुणे आले तरी मुलांच्या खोलीत गरम चहा आणायचा नाही. त्यांना हे पटलं नव्हतं. घरी सरकारी माणूस येतो आणि त्याला चहाही नाही! बाईंनी पाणी घेतलं.

पहिली पंधरा-वीस मिनिटं त्यांनी माझ्याबरोबर घरात फिरत विचारलं की मुलांनी इथे काय शिकावं असं मला वाटतं, आणि त्यासाठी घर असं का मांडलंय. इथल्या अर्ली इयर्सच्या, म्हणजे जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या, आराखड्यात शिकण्याची सात क्षेत्रं आहेत, त्यातली बोलणं, शरीराची वाढ, आणि भावनिक-सामाजिक वाढ ही तीन पायाची. मी क्षेत्रांची नावं घेत बसले नाही, मुलांबद्दल बोलले. बाळ्या नुकता चालायला लागलाय, म्हणून सोफ्यापासून टेबलापर्यंत धरून जाता येईल अशी वाट मोकळी ठेवली आहे. अडीच वर्षांच्याला इंग्रजी समजतं पण बोलत नाही, म्हणून त्याच्या घरचे शब्द मी शिकले आहेत. मुलगी सप्टेंबर २०२६मध्ये शाळेत जाईल, तिला स्वतःचा कोट घालता यावा, आपली पाळी येईपर्यंत थांबता यावं, आणि पेन्सिल धरायला बोटांत जोर यावा.

त्यानंतर त्या खाली चटईवर बसल्या आणि जवळजवळ तासभर फक्त बघत राहिल्या. हा वेळ सगळ्यात लांब वाटतो. त्या वहीत काहीतरी लिहितात आणि आपल्याला वाटतं, आत्ता काय दिसलं असेल? माझी युक्ती एकच, त्यांच्याकडे बघायचं नाही. रोज सकाळी मी कणीक मळते आणि मुलांना एकेक गोळा देते, तेच त्या दिवशीही केलं. मुलीने छोटे गोळे करून ओळीत मांडले, मोजले, मग सगळ्यात मोठा कुठला यावर स्वतःशीच वाद घातला. बाळ्याने कणीक केसांत लावली. अडीच वर्षांच्याने लाटणं हिसकावलं, मुलगी रडली, मला मधे जावं लागलं. त्याला उचलून बाजूला न नेता त्याच्या उंचीवर बसून सांगितलं की ती रडते आहे, बघ, आणि दुसरं लाटणं कुठे आहे ते शोधूया. तेवढ्यात बाहेर कचऱ्याची गाडी आली. मंगळवार! सगळे खिडकीला. कणीक तशीच राहिली, आणि पुढची दहा मिनिटं कुठला डबा आधी उचलतात यावर गेली. आम्ही रोज जे करतो तेच चाललं होतं.

अडीच वर्षांचा मधेच माझा कुडता ओढून "नीळ्ळु" म्हणाला. मी त्याला पेला दिला, त्याचाच शब्द परत म्हटला आणि मग इंग्रजी शब्द म्हटला. बाईंनी लगेच विचारलं, हा शब्द तुम्हाला कसा माहीत? मूल यायला लागण्याआधी मी पालकांकडून एक कागद भरून घेते: पाणी, भूक, शी, झोप, दुखतंय, आई, पुरे, अजून असे वीसेक शब्द घरच्या भाषेत आणि उच्चार इंग्रजी अक्षरांत. इंग्रजी घरची भाषा नसलेल्या मुलांना आपली भाषा खेळताना, शिकताना वापरायची संधी द्यावी, असं नियमांतच आहे. आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत वाढलेल्या बायकांना हे मुद्दाम शिकावं लागत नाही, पण ते आपण करतो हे इन्स्पेक्टरला शब्दांत सांगावं लागतं.

मग प्रश्न. मुलांना फळं देत असताना, कापत कापतच. (द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. हे त्यांनी बघितलं.) निळ्या डागाचा प्रश्न आलाच. माझ्या कुटुंबातल्या कोणावर आरोप झाला तर काय, हाही आला: स्थानिक प्राधिकरणातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला लगेच कळवायचं, स्वतः चौकशी करायची नाही, ऑफस्टेडला लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा चौदा दिवसांत. मुलाला न्यायला आलेला पालक दारू प्यायलेला असेल तर? कोणी न्यायलाच आलं नाही तर? मूल अतिरेकी विचारांच्या प्रभावाखाली येत असल्याचं कसं ओळखाल? एक प्रश्न मला दोनदा ऐकूनही कळला नाही, बाईंचा उच्चार उत्तरेकडचा होता. मी सरळ म्हटलं की दुसऱ्या शब्दांत विचाराल का, त्यांनी विचारला. कोणालाही इथे लाज वाटायचं कारण नाही. अंदाजाने दिलेलं उत्तर जास्त धोक्याचं. सासू-सासऱ्यांबद्दलही विचारलं, मी फॉर्मची प्रत दाखवली आणि दिवसाची व्यवस्था सांगितली.

कागद बघायला त्यांनी जेमतेम वीस मिनिटं घेतली. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि त्याची तारीख, डीबीएसचे नंबर, विमा, हजेरी, अपघाताची वही, औषधाच्या परवानग्या, आणि अडीच वर्षांच्याचा प्रगती अहवाल, जो मूल दोन ते तीन वर्षांचं असताना पालकांना लेखी द्यावा लागतो. ज्या मैत्रिणी फाइलची जाडी विचारतात त्यांना सांगते, माझी बोटभर जाड होती आणि त्यातलीही निम्मी त्यांनी उघडली नाही. हजेरीत येण्या-जाण्याच्या वेळा मात्र त्यांनी एकेक ओळ लावून बघितल्या.

साडेबाराच्या सुमाराला बाळ्या झोपल्यावर त्यांनी समोर बसवून निष्कर्ष सांगितला. तेव्हा अजून चार श्रेणी होत्या: आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट, इनॅडिक्वेट. मला गुड मिळालं. इंग्लंडातल्या बहुतेक चाइल्डमाइंडरना तेच मिळतं. मला जास्त लक्षात राहिली ती त्यांनी सांगितलेली सुधारणा: मुलांना प्रश्न विचारल्यावर विचार करायला पुरेसा वेळ द्या, लगेच दुसरा प्रश्न विचारू नका. मी रात्री नवऱ्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. आपल्याकडे घरी कोणी आलं की बाळाला समोर उभं करून "नाक कुठंय? काकाचं नाव काय? माऊ कशी करते?" अशी तोंडी परीक्षाच घेतात ना, आणि बाळ दोन सेकंद गप्प राहिलं की उत्तर आपणच देतो. मी त्याच घरात वाढले. आता एक प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजते. आधी अवघडल्यासारखं व्हायचं. मग लक्षात आलं की तेलुगू मुलगा बरेचदा सातव्या-आठव्या आकड्याला बोलतो.

हा निकाल अंतिम अहवाल येईपर्यंत पालकांना सांगायचा नसतो. दाराशी रोज भेटणाऱ्या आया "कसं झालं?" विचारतात आणि आपण नुसतं हसतो, हे जमवा. काही आठवड्यांनी मसुदा आला. त्यातल्या तथ्यांबद्दल काही म्हणायचं असेल तर पाच कामकाजाचे दिवस मिळतात. मी वेळा, वयोगट, माझ्या कामाचे तास एवढंच तपासलं. मुलांची नावं अहवालात नसतात, आणि चाइल्डमाइंडर घरूनच काम करते म्हणून तिचं नाव-पत्ताही सहसा नसतो, फक्त नोंदणी क्रमांक असतो. मग तो संकेतस्थळावर येतो आणि पालकांना त्याची प्रत द्यायची असते. पोलिश मुलीच्या आईने तो वाचून एवढंच विचारलं, "कणकेबद्दल लिहिलंय ती आमचीच ना?"

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्यात, त्या नव्यांनी लक्षात घ्याव्यात. सप्टेंबर २०२५पासून खाण्याच्या वेळचे नियम अजून कडक झाले: मूल खात असताना सतत नजरेत आणि कानाच्या टप्प्यात हवं, आणि शक्यतो त्याच्या समोर तोंड करून बसायचं. वरण गॅसवर ठेवून पोळी लाटता लाटता लक्ष ठेवणं आता चालत नाही. मी सगळा स्वयंपाक मुलं यायच्या आधी उरकते. आणि १० नोव्हेंबर २०२५पासून 'गुड'सारखी एकच एकूण श्रेणी गेली. आता वेगवेगळ्या भागांना पाच पायऱ्यांवर तपासतात, 'तातडीने सुधारणा'पासून 'अपवादात्मक'पर्यंत, मधली पायरी 'अपेक्षित दर्जा'. सेफगार्डिंगचं उत्तर मात्र होय किंवा नाही असंच. एप्रिल २०२६पासून नव्या नोंदणीवाल्यांचं पहिलं इन्स्पेक्शन अठरा महिन्यांच्या आत, आणि पुढची सहाऐवजी चार वर्षांत किमान एकदा. म्हणजे आता सुरू करणाऱ्यांना माझ्याइतकी वाट बघावी लागणार नाही.

माझ्या प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत जून २०२६पर्यंत. शनिवार-रविवारचे वर्ग इथे उन्हाळ्यात लवकर भरतात, म्हणून मार्चमध्येच जागा घेऊन ठेवली आहे. ज्यांचं प्रमाणपत्र २०२३चं आहे त्यांनी आजच तारीख बघा.